खोक्यामागची खडूची खूण

शिवराम, तुझं स्पीकरचं खोकं परवा संध्याकाळी आलं. तुझ्या मेव्हण्यानं ते सुदुंबऱ्याहून तळेगावपर्यंत बैलगाडीत आणि पुढे एसटीच्या टपावर घालून आणलं. गोधडीत गुंडाळलेलं, वरून सुंभानं आवळलेलं. चहा घेऊन तो परत गेला आणि मी ते तसंच पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं. दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसलो. तुझा तेरावा होऊन आठ दिवस झाले. आपलं बोलणं बंद झालं त्याला तीन वर्षं झाली. आता मी बोलायला बसलोय, तर ऐकायला तू नाहीस. माझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

तुझं शिक्षण किती, शेती किती, मागे कोण कोण, हे सांगायला तुझ्या गावची माणसं आहेत. मला तेवढं आपलं भांडण पुरं करायचंय. ते अर्धवट राहिलं होतं, आणि त्यात चुकीच्या बाजूला मी होतो हे मला आज दुपारी कळलं.

लोणावळ्याच्या बाजारातलं माझं दुकान म्हणजे केवढं? दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. मी रेडिओ दुरुस्त करायचो, लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं द्यायचो. तू बाहेर ओट्यावर बसून पंख्यांच्या आणि पाण्याच्या पंपांच्या मोटरी गुंडाळायचास. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला ‘भाऊ’ आणि ‘तुमी’. मी तुला सरळ ‘तू’. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती आणि मला ती कधी खटकलीही नाही.

कुसगावच्या एका हॉटेलवाल्यानं बोटीवरून आलेलं गाण्याचं कपाट आपल्याकडे दुरुस्तीला आणलं, तो दिवस आठवतो? आत दोन स्पीकर होते, एक परातीएवढा आणि एक वाटीएवढा. मधे तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि एक कंडेन्सर. मी चष्मा चढवून अर्धा तास विद्वानासारखा बघत राहिलो आणि म्हणालो, ही घरघर मारायची काहीतरी सोय दिसते. तू ओट्यावरून मान आत घातलीस.

“भाऊ, ह्ये तर आपलंच वाइंडिंग हाय. आन ह्यो पंख्याचा कंडेन्सर. ह्यात काय यवडं बगताय?”

माझी विद्वत्ता तिथंच संपली. त्या दिवसापासून तू ओट्यावरून आत आलास.

पण शहाणपण यायला आधी एक स्पीकर जळावा लागला. कार्ल्याच्या भजनी मंडळानं आपल्याकडे खोकं मागितलं, आणि आपण हौसेनं मोठ्या स्पीकरला धाकटा सरळ जोडून दिला. वेटोळं नाही, कंडेन्सर नाही. दोन तारा दोघांना, झालं काम. पहिलाच अभंग, मृदंगावर जोरात थाप पडली आणि खोक्यातून निळसर धूर निघाला. मंडळाचे म्हातारे आबा डोळे मिटून गात होते. ते न थांबता एवढंच म्हणाले, “आरं, ती उदबत्ती बदला.” तू देवळाच्या खांबामागे जाऊन तोंडात उपरणं कोंबून हसलास. मी हसलो नाही. लोकांसमोर माझं हसं झालं की मला हसू येत नाही, हे तुला नंतर पुष्कळ वेळा कळलं.

दुसऱ्या दिवशी तू त्याच आबांना देवळाच्या पायरीवर समजावून सांगत होतास आणि मी शेजारी उभा राहून शिकत होतो. आबा विचारत होते, यंत्र एकच आहे, मग दोघांना ताकद पुरते कशी? तू त्यांच्या सुनेच्या हातातली चाळण घेतलीस. तांदूळ चाळला की तांदूळ वर राहतो, कणी खाली पडते. चाळण पदरचा एक दाणा घालत नाही. यंत्रातून येतं ते सगळं एकत्र येतं, मृदंगाचा घुमारा आणि टाळाची किणकिणही. वेटोळं जाड आवाज पुढे सोडतं आणि बारीक अडवतं. कंडेन्सर बारीक तेवढा सोडतो, जाड अडवतो. थोरल्या स्पीकरला त्याचं, धाकटीला तिचं. आणि सगळ्यात जास्त ताकद खाली जाड आवाजातच असते. धाकटीच्या वाट्याला येतं ते चिमूटभर, म्हणून ती जगते. परवा मृदंगाचं सगळं ओझं तिच्या अंगावर आलं म्हणून जळली. आबांनी मान डोलावली आणि सुनेला चाळण परत दिली. तेव्हापासून धाकट्या स्पीकरला आपण चिमणी म्हणायला लागलो, आणि त्या जोडणीला चाळण.

कामाची वाटणीही तेव्हाच झाली. तू गुंडाळायचास, मी ऐकायचो. हातमशीनला लाकडी रीळ लावून तू वेढे मोजत तार भरायचास आणि दर शंभराला मांडीजवळच्या वाटीत तांदळाचा एक दाणा टाकायचास. मधे कुणी हाक मारली तरी उत्तर नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथल्या दमट हवेनं स्पीकरचे कागद जड होतात, म्हणून तू ते कपाटात दिवा पेटता ठेवून सुकवायचास. शेवटी खोकं माझ्यासमोर यायचं. खिळ्याला टांगलेले टाळ काढून तू एकदा वाजवायचास, मग तबकडीवरचे टाळ मी खोक्यातून ऐकायचो. खरे आणि खोक्यातले सारखे वाटले की मी खडूनं पाठीवर खूण करायचो. त्या खुणेशिवाय खोकं दुकानाबाहेर पडत नसे. गिऱ्हाईकाला तू अभिमानानं सांगायचास, “भाऊंच्या कानाखालून गेलंय.” मला ते फार आवडायचं. इतकं, की हळूहळू मला तेच खरं काम वाटायला लागलं आणि तुझं नुसतं गुंडाळणं.

आपला पहिला वाद वीज अडवणाऱ्या त्या रेझिस्टन्सचा होता. चिमणी थोड्या ताकदीतही मोठ्यानं बोलते, म्हणून तिच्या वाटेत रेझिस्टन्स घालून तिला गप्प करावं लागतं. मी म्हणायचो, दहा ओहमचा घाल. तू तो वाजता वाजता बोट लावून बघायचास.

“तापला बगा. तुमच्या कानासाटी चांगली वीज फुकट जाळतोय आपुन.”

“कानासाठीच चाललंय की सगळं.”

“मंग आवाज न्हाई, ऊब इकतोय म्हना.”

हे भांडण आपण वर्षानुवर्षं चवीनं चालवलं. मग कधीतरी मीच म्हणालो, दहा नको, सहाचा घाल, टाळ मागे पडतायत. पुढे चारचा. मग म्हणालो, काढून टाक, रेझिस्टन्सशिवायच बरं वाटतंय. तू जिंकला होतास. मला वाटलं, आता आठवडाभर चिडवशील. तू लगेच कामाला लागलास. सोल्डर तापवलंस आणि रेझिस्टन्स काढलास. तुझं तोंड उतरलेलं होतं, आणि मला वाटलं घरी काही झालं असेल.

त्याच सुमारास तू एक खेळ काढला होतास. टाळ वाजवायचास आणि म्हणायचास, “भाऊ, आवाज संपला की हात वर करा.” मी हात वर करायचो. तू टाळ स्वतःच्या कानाजवळ नेऊन थोडा वेळ तसाच उभा राहायचास, मग खिळ्याला अडकवायचास. तीन-चार वेळा असं झालं. एकदा मी विचारलं, हे काय चाललंय? तू म्हणालास, “काय न्हाई, टाळ बगत हुतो, जुना झालाय.” मी म्हटलं, मग नवीन आण. शिवराम, मी खरंच असं म्हटलं.

मग कार्ल्याच्या मंडळानं नवं खोकं नेलं. पंधरा दिवसांनी मी सहज देवळात गेलो, तर आवाज कसा? कांबळं पांघरल्यासारखा. टाळ जवळजवळ नाहीतच. मी खोकं फिरवलं, मागे माझी खूण होती. स्क्रू काढले, तर चिमणीच्या वाटेत दहाचा रेझिस्टन्स. मी पास केलं तेव्हा तो नव्हता. मग आपलं खोकं नेलेल्या कुसगावच्या हॉटेलात गेलो, तिथंही तेच. म्हणजे मी खूण केल्यावर, खोकं पोचवायला जाताना, तू मागून उघडत होतास.

त्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. त्यांच्या देखत मी तुला विचारलं.

“हा रेझिस्टन्स कुणी घातला?”

“म्या.”

“माझ्या खुणेनंतर?”

“व्हय.”

“का?”

तू तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत होतास. “चिमनी जळंल म्हनून.”

ते खोटं होतं आणि मला कळलं. कंडेन्सर होता, चिमणी जळणार नव्हती, हे तूच मला शिकवलं होतंस. मी म्हणालो, खरं सांग. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “भाऊ, तुमचा कान…” आणि थांबलास. मी तुला थांबू द्यायला हवं होतं. मी ओरडलो, “माझ्या कानाबद्दल तू बोलायचं नाही. तार गुंडाळणाऱ्यानं तार गुंडाळावी.”

तू वाक्य पुरं केलं नाहीस. हातमशीन आणि वाटी पिशवीत घातलीस. टाळ माझे होते, ते खिळ्यालाच ठेवलेस. पायरीवर क्षणभर उभा राहिलास, मला वाटलं वळशील. मग बाजारातून एसटी स्टँडच्या दिशेनं गेलास.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तर आज ही वेळ आली नसती. मी गप्प बसलो नाही. कार्ल्यात सांगितलं, कुसगावात सांगितलं, पायरीवर थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की शिवराम मागून हात मारतो, दाखवतो एक आणि देतो एक. त्या खोक्यांतले रेझिस्टन्स मी स्वतः जाऊन काढले. लोक मान डोलवायचे. आता आठवतं, कुसगावचा हॉटेलवाला महिन्याभरात म्हणाला होता, “आता गाणं जरा टोचतं हो.” मी त्याला म्हणालो, तुम्हाला आता खरा आवाज ऐकायची सवय नाही. कार्ल्याच्या आबांनी तर चिमणीवर रुमालाची घडी टाकून ठेवली होती. मी ती बघून मनात हसलो होतो.

तू सुदुंबऱ्याला मळ्यातल्या मोटरी गुंडाळत राहिलास. मी काय बोलतो ते तुझ्या कानावर जात होतं, हे मला ठाऊक होतं. तू एकदाही कुणाजवळ उलटून बोलला नाहीस. ते मला तुझ्या चुकीची कबुली वाटायचं. कुणी उत्तर दिलं नाही की आपलं खरं, असं मी आयुष्यभर मानत आलो.

तुझ्या पोटाच्या दुखण्याचं कळलं तेव्हा तू पुण्याच्या दवाखान्यातून घरी परत आला होतास. मेव्हण्याकडून निरोप आला, भाऊंना एकदा येऊन जा म्हणावं. मी म्हटलं, हॉटेलचं काम हातात आहे, झालं की येतो. काम होतं, खोटं नाही. पण एका दिवसाचं होतं, आणि मी ते अकरा दिवस पुरवलं. बाराव्या दिवशी तू गेल्याची बातमी आली. मी पोचलो तेव्हा नदीवरून माणसं परत येत होती. मी उलट्या दिशेनं चाललेला एकटाच. चितेवरून धूर निघत होता. मी हात जोडले आणि तिथंच उभा राहिलो.

तेराव्याला तुझ्या बायकोनं, पारूवहिनींनी, मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवतील, आणि ऐकायची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यासाटी खोकं केलंया त्येंनी. लय दिवस बसून केलं. उटवत न्हवतं तरी उशाला वाटी घिऊन तार मोजायचे. मला म्हनले, भाऊंना काय बी सांगू नगं, लावून बगू दे.”

मी मान खाली घातली. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“येक मातर सारकं म्हनायचे. म्याच उबं केलं त्यास्नी भोंग्याखाली, म्याच.”

मला वाटलं दुखण्यातलं बरळणं असेल. मी ‘हो’ म्हणालो आणि निघालो.

आज दुपारी गोधडी सोडली. आंब्याच्या फळ्या, कोपरे घासून गोल केलेले, जाळीला जुन्या लुगड्याचं काठ नसलेलं कापड. तुझंच काम, डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखलं असतं. मागच्या बाजूला एक खटका होता. आपल्या खोक्यांना कधी खटका नसायचा. खटक्याच्या दोन्ही बाजूंना दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली आणि पेन्सिलीनं, तुझ्या त्या चौथीतल्या अक्षरात, एकीकडे लिहिलं होतं ‘भाऊ’ आणि दुसरीकडे ‘घर’.

खटका ‘भाऊ’कडे होता. मी तारा जोडल्या आणि आपली नेहमीची तबकडी लावली. शिवराम, टाळ आले. किती वर्षांनी आले. प्रत्येक टाळ सुटा, कडेची किणकिण, मागची शिरशिर, सगळं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि, तुझ्यापाशी लपवून काय उपयोग, थोडी मिजासही आली. मनात म्हटलं, शेवटी यानं माझंच ऐकलं. मी तुझ्या वहिनीला, मालतीला, हाक मारली. म्हटलं, ये, ऐक, आवाज याला म्हणतात.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिनं पदरासकट दोन्ही हात कानांवर धरले.

“अहो, कमी करा. सुया टोचतायत.”

मी खटका ‘घर’कडे केला. टाळ गेले. कार्ल्याच्या देवळातलं ते कांबळं पुन्हा पडलं. मालतीनं हात खाली घेतले, क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, “आता छान. टाळ किती गोड वाजतायत.”

मी तबकडी थांबवली. पाठ उघडून बघितलं. वेटोळं, पंख्याचा कंडेन्सर आणि खटक्याला जोडलेला दहाचा रेझिस्टन्स. एकीकडे तो वाटेत येतो, एकीकडे बाजूला होतो. बाकी काही नाही. मी दुकानात गेलो, खिळ्यावरचे टाळ घेऊन आलो आणि मालतीच्या हातात दिले. म्हटलं, वाजव, आणि आवाज संपला की सांग. तिनं वाजवले. थोड्या वेळानं माझ्यापुरते ते थांबले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती टाळाकडे बघत होती.

“संपला?” मी विचारलं.

“नाही अजून.”

मी मनात आकडे मोजत राहिलो. पुष्कळ मोजले.

“आता संपला,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “मला वाटत होतं, तुम्हाला माहीत आहे.”

तेव्हा पारूवहिनींनी सांगितलेल्या भोंग्याचा अर्थ कळला. दहा-बारा लग्नसराया तू यंत्रापाशी आणि मी भोंग्याच्या तोंडाखाली. मी हात वर-खाली करायचो, तू बटण फिरवायचास. ‘भाऊंचा कान चांगला, भाऊंनी तिकडं उबं ऱ्हावं,’ हे तू ठरवलं होतंस आणि मला ते मानाचं वाटलं होतं. त्यात कान गेला. रोज थोडा थोडा, बारीक आवाजाच्या बाजूनं, मला न कळता. मी चिमणी मोकळी करत गेलो आणि तू पोचवताना तिला पुन्हा आवरत गेलास, म्हणजे लोकांना खोकं नीट मिळावं आणि माझी खूणही राहावी. तीन गिऱ्हाइकांदेखत मी तुला चोर ठरवलं, तेव्हा एका वाक्यात तू सुटला असतास. ‘भाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही.’ एवढंच. ते वाक्य तू तोंडापर्यंत आणलंस आणि माझ्या तोंडाकडे बघून गिळलंस. त्या दुकानात माझ्याजवळ कानाशिवाय होतंच काय, हे तुला माहीत होतं.

हा दोष तू घ्यायचा नव्हतास, शिवराम. भोंगा मी भाड्यानं दिला, मी उभा राहिलो, मला ते आवडत होतं. आणि तू सांगायला हवं होतंस, हेही मला अजून वाटतं. मी ओरडलो असतो, आठ दिवस फुगून बसलो असतो, पण तू ओट्यावर असतास. यावर आपलं भांडण झालं असतं तर चांगलं झालं असतं. आता ते मी एकट्यानं कुणाशी करू?

उद्या कार्ल्याला जायचंय. आबा आता थकलेत, पण आहेत. त्यांच्या खोक्यात रेझिस्टन्स परत घालीन आणि मंडळ बसलेलं असताना सांगीन की शिवरामचं बरोबर होतं, मला ऐकू येत नाही. मग कुसगाव. मग पायरीवर थांबणारे सगळे. जितक्या जणांना ते सांगितलं, तितक्यांना हे सांगायचं म्हणजे बरेच दिवस जातील. जाऊ देत. शेवटी सुदुंबऱ्याला, पारूवहिनींकडे. तिथं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी मी तबकडी पुन्हा लावली. खटका ‘घर’कडे ठेवला. खणात खडूचा तुकडा होता, तो घेतला आणि तुझ्या खोक्याच्या पाठीवर खूण केली. मालती पाट घेऊन खोक्यासमोर बसली. मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.